मुरू द्या

पहिल्या भेटीत ती त्याच्या प्रेमात पडली नाही, खड्ड्यात पडली. नव्या दवाखान्याच्या भिंतींसाठी गवंड्याने माती भिजत घातली होती, आणि नकाशातून डोकं वर न काढता चालणाऱ्या आर्किटेक्टबाई थेट गुडघाभर चिखलात.

"हलू नका," गवंडी म्हणाला. "पंधरा दिवस मुरवतोय. ढवळली जाईल."

"आणि मी?"

"तुम्हीही मुरा मग... नाहीतर हात द्या."

तिने हात दिला. त्याने तो सोडायला जरा उशीर केला. माती चिकट होती, असं दोघांनीही ठरवून टाकलं.

नमुन्याची एक भिंत उभी राहिली. दवाखान्याच्या समितीला ती पटली, तर सगळा दवाखाना मातीचा होणार होता आणि गवंडी वर्षभर राहणार होता. नाहीतर सिमेंट, आणि तो आपल्या वाटेने.

"वर्षानंतरही राहाल?" तिने भिंतीकडे बघत विचारलं.

"मुरू द्या," तो म्हणाला. कुठल्याही प्रश्नाला त्याचं हेच उत्तर असे.

समिती यायला आठ दिवस उरले आणि पावसाने मुक्काम ठोकला. गवंडी गिलाव्याचा चुना आणायला गेला होता. भिंत विरघळेल या धास्तीने बाईंनी तिच्यावर सिमेंट फासून घेतलं. प्रेमात माणूस काय करेल सांगता येत नाही. पदवी असेल तर मुळीच नाही.

परतल्यावर त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज आला. सिमेंटने आतली ओल कोंडली होती.

"पाणी कुठंतरी मुरतंय," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

समिती आली त्याच सकाळी सिमेंटच्या गिलाव्याला पोट सुटलं, आणि अर्धी भिंत सोबत घेऊन तो अध्यक्षांच्या बुटांवर उतरला.

"चूक कोणाची?"

तिने तोंड उघडलं. पण तो आधी बोलला. "माझी माती कच्ची होती, साहेब."

अध्यक्षांनी बूट झटकले. सिमेंट मंजूर झालं.

तो थापी, ओळंबा पिशवीत भरत होता.

"खोटं का बोललात?"

"तुमचं नाव गेलं, तर पुढची मातीची भिंत कोण मांडणार? गवंडी काय, ढिगाने मिळतात."

"मला ढीग नकोय... तुम्ही हवे आहात."

तो थांबला. "माती पंधरा दिवसांत मुरते, चुना महिन्यात. हे असलं... किती दिवस लागतात, ठाऊक नाही."

"माझं मुरलंय. कधीच."

"माझंही," तो म्हणाला, आणि पिशवी उचलली. फाटकात सिमेंटचा ट्रक आला होता. त्याला वाट द्यायला हवी होती.

खड्ड्यात उरलेली माती आता लोण्यासारखी झाली होती. ट्रकचं चाक रुतू नये म्हणून तो खड्डा खडीने बुजवायचा होता. त्या कामाच्या कागदावर सही बाईंचीच लागत होती.