नऊ वेळा सांगितलेली दुपार

सोपान लोहकरेला अटक झाली तेव्हा फौजदार जगदाळेंनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. उलट तो तोंड उघडतोय असं दिसताच ते ओठांवर बोट ठेवून पुढे सरसावले.

"साहेब, मी भों..."

"गप्प! एक अक्षर नको, लोहकरे. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

जगदाळेंचे वडीलही पोलिसात होते. आरोपीला बोलतं करतो तोच पोलीस, अशी त्यांची समजूत होती. मुलाची नोकरी आरोपींना गप्प ठेवण्यात चालली होती, आणि हा बदल म्हाताऱ्याला शेवटपर्यंत पटला नव्हता.

आरोप साधा होता आणि भयंकरही. सोपान तांबजाई धरणावर दरवाजे चालवायचा. विसर्ग सोडण्यापूर्वी भोंग्याची कडी हाताने ओढून तो तीनदा वाजवायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि मग दरवाजा उचलायचा, ही सव्वीस वर्षांची रीत. त्या दुपारी दरवाजा उचलला गेला आणि खालच्या खडकावर बसलेला एकोणीस वर्षांचा साईराज काळोखे वाहून गेला. भोंगा वाजला होता का? भोंग्याची वेळ टिपणारं नोंदयंत्र दुरुस्तीला गेलेलं. गावात लग्नाचा बँड चालू होता, त्यामुळे छातीवर हात ठेवून कुणीच काही सांगू शकत नव्हतं. वाजला नसेल तर सोपानला दहा वर्षं सक्तमजुरी होणार होती.

मग त्याला विचारायचं नाही, तर कुणाला? याचं उत्तर स्मृतिठशात होतं. घडलेली प्रत्येक गोष्ट मेंदूच्या पेशींमध्ये एक ठसा उमटवते आणि तो ठसा वाचणारं यंत्र आता प्रत्येक जिल्ह्यात होतं. साक्षीपुरावे, उलटतपासणी, शपथा यांचं महत्त्व त्यामुळे निम्म्यावर आलं होतं. पण यंत्राला एक पथ्य होतं. आठवण ही कपाटातल्या फोटोसारखी नसते. ती दर वेळी बाहेर काढली की मऊ पडते, भिजवलेल्या मातीसारखी, आणि परत ठेवताना नव्याने घट्ट होते. मऊ असताना जे बोट लागेल त्याची खूण तिच्यावर राहते. म्हणून कायद्याने मौनमुदत आणली. अटकेपासून वाचनापर्यंत आरोपीला कुणी त्या घटनेबद्दल विचारायचं नाही आणि त्यानेही ती कुणाला सांगायची नाही.

दुसऱ्या दिवशी जामीन झाला. वाचनाची तारीख अकरा दिवसांनंतरची मिळाली. वकील रुक्साना मुजावर यांनी त्याला कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसवून बजावलं, "काका, घरी जा. ज्वारी निवडा, गुरं धुवा, काय वाटेल ते करा. पण त्या दुपारबद्दल बोलायचं नाही. बायकोशीसुद्धा नाही."

"मी काही केलंच नाही, तर भ्यायचं कशाला?"

"काही केलं नाही याचा ठसा फक्त तुमच्या डोक्यात आहे म्हणून. दुसरा पुरावा नाही आपल्याकडे. तो सांभाळा."

चार दिवस त्याने सांभाळला. पाचव्या दिवशी त्याची बायको मंदा म्हणाली, "अहो, काळोख्यांकडं भेटायला जायला नको? दहावं व्हायच्या आत नाही गेलो तर जन्मभर तोंड कसं दाखवायचं?"

आता यात चूक कुणाची म्हणायची? त्या खोऱ्यात मयताच्या घरी भेटायला न जाणं हे कुठल्याही कलमापेक्षा मोठं पाप होतं. आणि भेटायला जायचं म्हणजे नुसतं बसून उठायचं नसतं. कसं झालं ते विचारायचं असतं आणि ज्याला ठाऊक त्याने सांगायचं असतं. नवा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून.

साईराजची आई सुलभा भिंतीला टेकून बसली होती. तिने सोपानला शिवी दिली नाही. ती सरकत त्याच्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, एकच सांगा. भोंगा वाजला होता का?"

सोपानला वकीलबाईंचं बजावणं आठवलं. सुलभाच पुढे बोलू लागली.

"सकाळी मी त्याला बोलले हो. तिसऱ्यांदा नापास झाला म्हणून. तोंड दाखवू नकोस म्हणाले. भोंगा वाजला असंल, तर त्यानं ऐकला असंल ना? ऐकून उठला नसंल ना?"

भोंगा वाजला होता. तीनदा, नेहमीसारखा. पण हे त्या बाईच्या तोंडावर सांगायचं म्हणजे तिच्या हातात फास देण्यासारखं होतं.

"वाजवला नाही, वहिनी," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

सुलभा हमसून रडली. पाच दिवसांत पहिल्यांदाच. तेवढ्यात तिचा भाऊ आला. "कसं झालं?" सोपानने पुन्हा सांगितलं. भावाने विचारलं, का नाही वाजवला? काहीतरी सांगायला हवं, म्हणून तो म्हणाला, कडी गंजली होती, हाताला लागेना, सोडून दिली. मग मावशी आली. मग पलीकडच्या गावचे पाहुणे आले. संध्याकाळपर्यंत त्याने नऊ वेळा सांगितलं, आणि शेवटी शेवटी तर त्याला तळहातावर गंजाचा खरखरीतपणा जाणवू लागला.

परतताना तो मंदाला म्हणाला, "खोटं बोललो गं. पण आज तिला झोप लागंल."

अकराव्या दिवशी वाचन झालं. डॉ. निरंजन धामणकर हे वाचनकेंद्राचे प्रमुख. मोजकं बोलणारा, निकाल सांगताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारा माणूस. पडद्यावर धूसर चित्र उमटलं. सोपानचा हात कडीकडे जातो, गंजलेल्या लोखंडावर अडतो, मागे येतो. मग दरवाजाचं चाक. भोंग्याचा आवाज कुठेच नाही.

"ठसा हाताळलेला आहे," धामणकर म्हणाले. "नऊ ताजे थर दिसतात. कुणाला सांगितलंत?"

"भेटायला गेलो होतो," सोपान म्हणाला. "तिथं कबूल केलं मी."

"कबूल?" रुक्साना ताडकन उठली. "काका, मंदाकाकूंनी मला सगळं सांगितलंय. तुम्ही त्या माउलीसाठी खोटं बोललात."

"मंदाला तसं म्हणालो असेन. स्वतःच्या मनाची समजूत घातली असंल. पण मला आठवतंय ना ताई! कडी गंजलेली होती."

"डॉक्टर, खालचा मूळ ठसा काढता येईल का?"

"खाली काही नसतं, मॅडम. पाटीवर पुसून लिहिलं की आधीचं कुठे असतं? यंत्र खोटं बोलत नाही आणि लोहकरेही बोलत नाहीत. अडचण तीच आहे."

हाताळलेला ठसा म्हणजे आरोपीने पुरावा बिघडवला, असं कायदा धरून चालायचा. सोपानचा तुरुंग जवळजवळ ठरला होता. रुक्सानापाशी आता एकच वाट उरली. त्या दुपारी कानाच्या टप्प्यात असलेला, पण त्या घटनेबद्दल कुणाशी बोललेला नाही, असा माणूस शोधायचा. अशा माणसाला अस्पर्श साक्षीदार म्हणत. त्याला कारण न सांगता थेट यंत्राखाली बसवायचं, एवढीच अट. दोन महिने ती खोरं पालथं घालत फिरली. शेवटी समोरच्या डोंगरावरच्या पवनचक्कीच्या हजेरीबुकात तिला जयंत हेगिष्टे हे नाव सापडलं. तो मेस्त्री त्या दिवशी वर खांबावर होता आणि संध्याकाळच्याच गाडीने कच्छला दुसऱ्या कामावर गेला होता. खाली कुणी मेलं, हे त्याच्या कानावरही आलं नव्हतं.

त्याचा ठसा कोर्टात दाखवला तेव्हा लग्नाच्या बँडवरून भोंग्याचा लांबलचक सूर सगळ्यांनी ऐकला. एकदा, दोनदा, तीनदा. रुक्सानाने डोळे मिटून घेतले. पण चित्र संपलं नव्हतं. भोंगा ऐकून मेस्त्रीने सहज खाली पाहिलं होतं. नदीतल्या खडकावर लाल शर्टाचा एक ठिपका होता. ठिपका उभा राहिला. धरणाकडे वळला. जरा वेळ तसाच उभा होता.

मग परत खाली बसला. मेस्त्रीची नजर पान्याकडे वळली आणि चित्र थांबलं.

न्यायाधीशांनी सोपानची निर्दोष मुक्तता केली. "काही सांगायचंय का?" असं त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, तर हा बाबा हात जोडून म्हणाला, "साहेब, त्या मेस्त्रीचं काहीतरी चुकलंय. मी भोंगा वाजवला नव्हता." कोर्टात हसण्याची खसखस पिकली. रुक्साना हसली नाही. तिने त्याला वाचवलं होतं आणि तो मात्र सुटला नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर सुलभा बसली होती. पदर कुठे, पिशवी कुठे, तिला कशाचं भान नव्हतं. सोपान तिच्या शेजारी खालच्या पायरीवर बसला.

"उठला होता हो," ती म्हणाली. "उभा राहिला होता माझा साई. आणि परत बसला."

"नाही वहिनी. भोंगा वाजलाच नव्हता. कडी गंजली होती, हाताला लागेना, मी सोडून दिली. माझंच चुकलं."

पहिल्या वेळी हे बोलताना त्याचा आवाज कापला होता. आज कापला नाही.

धामणकर जिना उतरत होते. ते ऐकून थबकले. त्या बाईने पडद्यावरचं चित्र आतापर्यंत एकदाच पाहिलं होतं, तासही झाला नव्हता. तिच्या आठवणीची माती ओली होती. या दोघांना थांबवायला हवं, हे त्यांच्याइतकं त्या आवारात कुणालाच कळत नव्हतं. ते क्षणभर उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूने निघून गेले.

सुलभाने डोळे पुसले.

"पुन्हा सांगा, भाऊजी," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."