अनवाणी केतकीचा वेग

केतकी चौगुले मैदानात धावलीच नाही, असं पारखीचं म्हणणं होतं. आणि केतकीने तर आत्ताच सगळ्यांदेखत गोल मारला होता!

"आजचा वेग शून्य," पारखी गोड आवाजात म्हणाला. "सरासरी ताशी साडेबारा किलोमीटर. निवासी फुटबॉल शाळेसाठी वीस हवी. कृपया अधिक मेहनत करा."

"अरे, किती वेळा सांगू तुला!" केतकी रडकुंडीला आली. २०५१ सालच्या कोल्हापुरात शाळकरी खेळाडू निवडायचं काम पारखी नावाच्या या यंत्रमानवाकडे होतं, आणि निवड आज संध्याकाळी बंद होणार होती.

तिची शैलाआत्या संख्याशास्त्रज्ञ (आकड्यांतून अर्थ काढणारी). अष्टमीचा उपास, वर हे ऊन. ती पदर खोचून पुढे आली. "नोंदी दाखव रे बाबा."

पडद्यावर चार सामने उमटले. चोवीस, सव्वीस, शून्य, शून्य.

"पहिले दोन घटस्थापनेच्या आधीचे," केतकी म्हणाली. "पुढचे दोन अनवाणी खेळले. अंबाबाईला बोललेय ना मी, नवरात्रात पायात काही घालणार नाही म्हणून."

"आणि सेन्सर (हालचाल टिपणारी चकती) कुठे असतो?" आत्याने विचारलं.

"बुटात." केतकीने कपाळावर हात मारला. "बूट पिशवीत!"

आत्याने सुस्कारा सोडला आणि पारखीच्या डोळ्यांवर दोन्ही हात ठेवले. "सांग, मैदानात माणसं किती?"

"शून्य."

"मग तुझ्याशी बोलतंय कोण? माझं भूत?"

आत्याने हात बाजूला घेतले.

"अरे, 'दिसलं नाही' आणि 'नाहीच' यांत फरक असतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं. रिकामी जागा म्हणजे मोजलंच नाही. तू रिकाम्या जागी शून्य भरलंस, चारही आकड्यांची बेरीज केलीस, चाराने भागलंस. पोरीचा वेग निम्मा! शून्यं काढ बघू."

"काढली. सरासरी पंचवीस," पारखी म्हणाला. "पण दोनच नोंदी. नियमाने तीन हव्यात. तिने बूट घालावेत."

"नाही घालणार," केतकी हळूच म्हणाली. डोळे भरून आले होते, पण पाय मागे घेतले नाहीत.

"घालू नकोस," आत्या म्हणाली. "याला पाय मोजायचाय, बूट नाही." तिने पिशवीतल्या बुटातून चकती काढली आणि केतकीच्या वेणीची रिबीन सोडून ती घोट्याला घट्ट बांधली. "पळ आता!"

केतकी पळाली. एक वेणी सुटलेली, तळव्यांना तापलेली माती चटके देतेय, चेंडू पायाशी. पलीकडच्या गोलपर्यंत ती थांबलीच नाही.

"बावीस. तिन्ही मिळून सरासरी चोवीस," पारखी म्हणाला. "केतकी चौगुले, निवड."

केतकीने आत्याला मिठीच मारली.

"सुटले बाई! आता घरी जाऊन देवीपुढे दिवा लावू दे," आत्या म्हणाली.

"आत्या," पारखी मागून म्हणाला. त्यानेही तिला आत्याच म्हणायला सुरुवात केली होती. "यंदा मी आणखी बऱ्याच मुलांना शून्य दिलंय. त्यातल्या कितीजणांकडे बूटच नसतील?"

आत्या वळली. "हे तुला आत्ता सुचतंय?"

"मघापर्यंत मला शून्य आणि रिकामी जागा सारखीच वाटत होती. निवड मी उघडी ठेवायला सांगितली आहे. पण रिबिनी कमी पडतील."

आत्याने कपाळाला हात लावला. केतकी मात्र दुसरी वेणी सोडायला लागली होती.