तिसऱ्या रविवारची कविता

लढाईच्या दिवसांत पारनेर-नगर सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, म्हणजे चालण्यापेक्षा थांबायचीच जास्त! अशीच ती एका चढावर थांबली, खिडकीतून वारा आला आणि पुढच्या बाकावरच्या तरुणाच्या हातातला कागद उडून दीनाच्या मांडीवर पडला. कविता होती. दीना नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. तिनं सवयीनं वाचली आणि... फिसकन हसली.

"दुःखाची कविता आहे ती," तरुण दुखावून म्हणाला.

"होय का? बारा ओळींत सात वेळा अश्रू! सगळं तुम्हीच रडलात, मग वाचणाऱ्यानं काय करायचं?"

"मग... कसं लिहायचं?"

"दुःखाचं नावच घ्यायचं नाही. जे दिसलं, तेवढं सांगायचं."

तरुणाचं नाव शांतवन. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. पुढच्या शनिवारी नवी कविता घेऊन स्वारी शाळेच्या फाटकाशी हजर! मग दर शनिवारी. ती ओळी खोडायची आणि तो कागदाऐवजी तिच्या बोटांकडेच बघत राहायचा.

"माझ्याकडे दुःखच नाही, दीनाबाई," तो एकदा म्हणाला. "तुम्ही भेटल्यापासून तर लई पंचाईत झालीय."

दीनाचे कान तापले. आठवडाभर ती त्या एका वाक्यावर जगली. लग्नाचं मात्र हा पठ्ठ्या काही बोलेना.

वडील तरी किती थांबणार? त्यांनी तिसगावच्या याकोब मास्तरांशी ठरवून टाकलं. "मानूस सरळ हाय," ते म्हणाले. "तुज्या मनात दुसरं कुनी असंल, तर त्यानं माज्यापुढं यावं."

दीनानं लाज बाजूला ठेवून हे शांतवनला जसंच्या तसं सांगितलं. "तीन रविवार देवळात लग्नाची सूचना वाचतील. कुणाची हरकत आहे का, असं पाळकसाहेब विचारतील. घरी येववत नसेल, तर निदान तेव्हा तरी..."

"बघतो," तो म्हणाला.

पहिल्या रविवारी तो चर्चमध्ये खाली मान घालून बसला. दुसऱ्या रविवारी आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला. पाळकसाहेबांनी हरकत विचारली आणि ते थांबले. दीनानं श्वास रोखला. कुणीच उठलं नाही.

उपासना सुटल्यावर तो धावत आला. हातात कागद, डोळे नुसते चमकत होते.

"दीनाबाई, बघा! आता जमली!"

तिनं वाचली. अश्रू एकही नव्हता. पाळकसाहेबांचं थांबणं होतं, बायकांच्या बाजूला ताठ झालेली एक मान होती, आणि जिथून कुणी उठलं नाही तो बाक होता. खोडावा असा एक शब्द सापडेना.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "हरकत विचारली, तेव्हा काय करत होता तुम्ही?"

"तेव्हाच तर शेवटची ओळ सुचली!" तो अगदी निरागसपणे म्हणाला. "मासिकाकडे पाठवू ना?"

"पाठवा."

तिला त्याचा संताप आला. शिकवलं आपणच, म्हणून स्वतःचा त्याहून जास्त आला. कागद त्याच्या हातात ठेवून ती याकोब मास्तर उभे होते तिकडे चालू लागली.