एकाच दुभाष्याच्या भरवशावर

भिलाईजवळच्या हथखोजमधल्या चहाच्या ठेल्यावर प्रेरणाने चुकून श्रीधरचा चहा उचलला, अर्धा प्यायली आणि तोंड पोळल्यावर "अगं माय..." म्हणाली. दोघं एकाच कारखान्यात नवे लागलेले; तोवर हिंदीतच बोलत होते.

"तुम्ही मराठी?"

"हो, इथल्याच रिसालीची. हा चहा तुमचा होता का?"

"नाही," श्रीधर म्हणाला.

प्रेमात पडलेल्या माणसाचं हे पहिलं खोटं. अर्ध्या चहाचंच होतं, म्हणून खपलं.

कारखाना भाऊरावजींचा. क्रेनवर बसवायच्या छोट्या पेट्या तिथे बनत. ओझं जास्त झालं की पेटीतली चिप भोंगा वाजवी. त्या चिपचा प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहायचा, यावर बैठक बसली. प्रेरणाने एक नवी, देखणी भाषा सुचवली. त्या भाषेत चुका करणं अवघड होतं, आणि ते समजावताना प्रेरणाचे डोळे... असो. श्रीधरला एक गोष्ट ठाऊक होती. आपलं लिहिणं चिपला समजावणारा दुभाषा म्हणजे कंपायलर, आणि या भाषेचा कंपायलर परदेशातली एकच चिमुकली कंपनी बनवत होती. ती कंपनी बुडाली की भाषा मुकी. जुन्या सी भाषेला दुभाषे हवे तितके.

"श्रीधरजी, तुमाले काय वाटते?" भाऊरावजींनी विचारलं.

प्रेरणाने त्याच्याकडे पाहिलं. गालावरची बट मागे सारली. एवढंच.

"चांगली भाषा आहे," श्रीधर म्हणाला.

भिलाईत लोखंड वितळायला भट्टी लागते. इंजिनिअरला बट पुरते.

हिवाळ्यात जुनी चिप बाजारातून गेली. नव्या चिपसाठी नवा कंपायलर हवा, तर कंपनी बंद. मालक मासे पाळू लागला म्हणे. लिहिलेलं सगळं वाया. शेजारच्या रसमड्याचं गिऱ्हाईक पेट्या मागत होतं. पुन्हा बैठक बसली, आणि प्रेरणा उभी राहिली.

"भाषा मी निवडली. काढायचं असेल तर मलेच काढा."

श्रीधरचे कान तापले. त्याने खाली पाहिलं. बुटांनीही त्याला ओळख दिली नाही.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "कंपायलर एकाच कंपनीचा आहे, हे तेव्हाच माहीत होतं. मी बोललो नाही."

"कावून?" भाऊरावजींनी कारण विचारलं.

श्रीधरची नजर प्रेरणाच्या बटेकडे गेली. भाऊरावजींनी आधी त्याच्याकडे, मग प्रेरणाकडे पाहिलं आणि चष्मा पुसला.

"समजलं. दोघं मिळून सगळं सीमध्ये लिहा. एकमेकांकडे न पाहता. आणि यापुढे मले आधी दुसरा कंपायलर दाखवा, मग भाषा."

बाहेर थंडीतली भुरभुर लागली होती. ठेल्याच्या पत्र्याखाली प्रेरणा पाठ करून उभी होती.

"खूप लाज वाटून राहिली," चहाचा कप घेऊन आलेला श्रीधर म्हणाला.

"वाटू दे." ती वळली नाही. "तुले वाटलं, हिले नाही म्हटलं तर ही मोडेल. बाबांनी जन्मभर स्टील प्लांटच्या भट्टीसमोर उभं राहून मले इंजिनिअर केलं, श्रीधर. कोणी माझी बट पाहून मान हलवावी म्हणून नाही."

बट तिलाही माहीत होती तर. श्रीधरला जमिनीत जावंसं वाटलं. पण हथखोजची जमीन सिमेंटची.

"रविवारी आई पाहुणे बोलावून राहिली," ती तशीच पाठमोरी म्हणाली. "मुलगा रायपूरचा, बँकेत आहे. कसं वाटते? खरं सांग."

'चांगलं स्थळ आहे' हे सवयीने जिभेवर आलंच होतं. त्याने ते गिळलं.

"वाईट वाटते. मले तू... आवडते. पहिल्या दिवसापासून. तो चहापण माझाच होता."

"माहीत आहे. रिकामे हात घेऊन उभा होता तू." आता ती वळली. "आणि मी नाही म्हटलं तर? दुसरी कोणी पाहून ठेवली का?"

"नाही. एकच."

"म्हणजे काहीच शिकला नाही तू."

तिने फोन काढला. पाहुण्यांना नको सांग, असं आईला सांगता सांगता तिने त्याच्या हातातला कप घेतला.

"हा तुझा होता का?"

"हो. माझाच आहे."

ती सावकाश फुंकून अर्धा प्यायली... आणि उरलेला त्याला परत दिला.