समोरचा संघ

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी दरवर्षी इन्कम टॅक्सवर लेख देते आणि तो दरवर्षी कुणीही वाचत नाही. म्हणून यंदा जाहीर करून टाकलं, सिंगापूरमधल्या हुतुतूच्या इतिहासावर लिहिणार. धनेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जेवता जेवता ठसका लागला. अगं, इथे लोक पहिल्या मजल्यावरही लिफ्टनं जातात, हुतुतू कोण खेळणार, म्हणाला.

पण खेळायचे. माझं ऑफिस हार्बरफ्रंटला, जहाज कंपनीत ऑडिटचं काम. तिथल्याच जुन्या लोकांकडून कळलं, की साठच्या दशकात गोदीत बोटी दुरुस्तीला लागल्या की त्यांच्यावरची आपली कोकणातली पोरं रविवारी मागच्या मोकळ्या जागेत उतरायची. मध्ये एक रेघ ओढायची, की झालं मैदान तयार. हळूहळू तमिळ हमाल, मलय टपालवाले, पंजाबी पोलीस असे सगळेच आपापले संघ घेऊन यायला लागले. मला तर हे ऐकूनच गुदगुल्या झाल्या.

त्या पोरांपैकी इथे आता शामकांतकाका तेवढे उरलेत. इंजिन रूममध्ये आयुष्य काढलं, मग इथेच राहिले. बिशानला सुनेकडे असतात. हार्बरफ्रंटहून थेट एमआरटी, त्यामुळे ऑफिस सुटलं की मी तिकडेच. ऐंशी उलटली तरी आवाज खणखणीत. चढाई कशी करायची ते दाखवायला हॉलभर नाचायचे आणि त्यांची सून चैताली टीव्ही सांभाळत उभी राहायची. इतकी हसले नव्हते मी कित्येक वर्षांत.

शेवटच्या सामन्यापाशी आलं की मात्र गाडी अडायची. त्यानंतर ही पोरं कधीच खेळली नाहीत. का, ते काका सांगेनात. समोर कोण होतं विचारलं, तर म्हणाले, तमिळ असावेत.

मग मी एका तमिळ हमालाचा मुलगा शोधून काढला. त्यानं हॉकर सेंटरला कॉफी पाजली आणि सांगितलं, वडील त्या रविवारी झाडाखाली बसून बघत होते, खेळत होते पंजाबी. पंजाबी पोलिसाची मुलगी म्हणाली, छे, आमचे बाबा टाळ्या वाजवत होते, खेळले ते मलय. मलय टपालवाले आजोबा अजून आहेत. तेही बघतच होते म्हणाले. मग कोण हो खेळत होतं, मी विचारलं. त्यांनी माझ्यापुढे बिस्किटं सरकवली.

म्हणजे आले सगळे, बघत होते सगळे, आणि समोर कुणीच नाही! हिशेबात एकच बाजू दिसली की माझं डोकं उठतं. मी तडक बिशान गाठलं आणि काकांना चांगलं फैलावर घेतलं.

ते पहिल्यांदाच खाली बसून बोलले. त्यांचा धाकटा भाऊ विश्वास त्याच बोटीवर होता, संघातला सगळ्यात चपळ गडी. त्या दिवशी तो रेघ ओलांडून चढाईला गेला. समोरच्यांनी कडं केलं. मग कडं मोडलं, तेव्हा आत कोणी नव्हतं. बोटीवर ‘पळून गेला’ अशी नोंद झाली. गुहागरला तीच बातमी पोचली. आईनं मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही.

“दम तुटला नव्हता गं त्याचा,” काका म्हणाले. “हुतुतू ऐकू येत होतं. नुसतं लांब लांब जात होतं. तू एवढं लिही, की तो पळाला नाही.”

“पुरावा काय लावू, काका?”

“मी आहे ना.”

मला रडू आलं आणि रागही आला. कारण असं मी छापू शकत नव्हते, आणि नाही म्हणायचीही माझी छाती नव्हती. शेवटी लेखातून तो सामनाच गाळून टाकला.

स्मरणिकेच्या प्रकाशनाला आम्ही वुडलँड्सच्या मैदानावर प्रात्यक्षिक सामना ठेवला. सकाळचं छान ऊन होतं. बटाटेवड्यांचे डबे आले होते, मंडळातला आमचा रूपेश शिट्टी गळ्यात अडकवून पंचगिरीचा रुबाब करत होता. चुन्याची फक्की कुणीच आणली नव्हती, मग मी रांगोळीनं मधली रेघ ओढली. त्यावरून माझी भरपूर थट्टा झाली. समोरच्या संघाची बस अडकली होती, त्यामुळे पलीकडचं अंगण रिकामं होतं. आमची पोरं अलीकडे उड्या मारत होती.

काका काठी टेकत रेघेपाशी गेले आणि उभे राहिले.

मी पाण्याची बाटली घेऊन मागोमाग गेले. आधी वाटलं, समोरच्या इमारतीचे एसी घुमताहेत. रूपेशलाही तसंच वाटलं. मग तो आवाज जवळ आला आणि त्यातले शब्द कळायला लागले.

हुतुतू हुतुतू हुतुतू.

पोरांच्या उड्या थांबल्या. वड्याचा घास धनेशच्या हातातच राहिला.

पलीकडे गवत होतं, ऊन होतं, बाकी काही नव्हतं. आवाज त्या उन्हातून चालत येत होता. तरुण आवाज. कुठेही खंड नाही.

काकांनी काठी टाकली. रेघेवरून हात पुढे केला, गड्याला ओढून घेतात तसा.

“ये रे,” ते म्हणाले. “रेघ आहे इथे. ये.”

आवाज रेघेपर्यंत आला आणि थांबला.

मग माझ्या अगदी शेजारी कुणीतरी श्वास आत घेतला. एवढा लांब, एवढा हपापलेला श्वास मी कधी ऐकला नव्हता.

काका हसत होते, गालांवरून पाणी वाहत होतं. मीही रडत होते. लिहिणार, मी त्यांना म्हणाले, पुढच्या अंकात पळाला नाही असंच लिहिणार, कुणाला काय म्हणायचंय ते म्हणू दे.

त्यांनी मान डोलावली. मग त्यांचं लक्ष पलीकडे गेलं आणि हसू हळूहळू उतरलं.

“पोरांना मागे घे, उल्का,” ते म्हणाले. “आपली चढाई संपली. आता पाळी त्यांची.”

मी खाली पाहिलं. रांगोळीची रेघ पलीकडच्या बाजूनं पुसली जात होती.