गाळलेली पानं

मीटिंग संपेपर्यंत अंधार पडला होता. सगळ्या शाखांची माणसं आपापल्या वाटेनं गेली, पण नदीपलीकडून येणारी गाडी कुठंतरी बिघडून बसली होती. त्यामुळं नव्यानं लागलेली तीन पोरं मुख्य ग्रंथालयाच्या बांधणी विभागात अडकून पडली. तिथं निदान पंखा चालू होता, आणि बाइंडरकाका होते. काका निवृत्त झाले तरी मीटिंगच्या दिवशी यायचे आणि जाता जाता फाटक्या पुस्तकांना हात लावून जायचे.

पोरं मीटिंगमधल्या बातम्या चघळत बसली होती. कोणाची बदली झाली, कोणाची बढती अडली, फिरत्या वाचनालयाला नवी गाडी मिळणार की जुनीच रंगवून देणार. एक बातमी त्यांच्यातल्याच मुलीची होती. अंध आणि अंथरुणाला खिळलेल्या सभासदांना फोनवर पुस्तक वाचून दाखवायची सेवा पुन्हा सुरू होणार होती, आणि वाचायचं काम तिच्याकडं आलं होतं.

"काका, माझा आवाज बरा आहे ना?" तिनं विचारलं.

"आवाज चांगला आहे," काका बोटांवरची खळ पुसत म्हणाले. "पानं गाळू नकोस म्हणजे झालं."

"गाळेन कशाला?"

"सेवा 'पुन्हा' सुरू करतोय असं म्हणाले ना साहेब? मग आधी बंद का पडली होती, ते सांगितलं का कोणी?"

कोणीच सांगितलं नव्हतं. काकांनी खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"मग ऐका. ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या ओळखीचा होता. इथंच कामाला होता."

मे महिन्यातला शेवटचा शनिवार. रात्रीचे सव्वाआठ. रेडिओ जिना चढून वर निघाला होता, तो फक्त एक पुस्तक आणायला.

रेडिओ म्हणजे आपला फोनवर वाचणारा. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. आवाज असा, की नळ गळत असल्याचा अर्ज वाचला तरी माणसानं काम सोडून ऐकत बसावं. पण हंगामी. घरी बायको, तान्ही मुलगी, आणि दर रविवारी येऊन "काय जावईबापू, कायम कधी होताय?" एवढंच विचारणारे सासरे. सोमवारच्या मीटिंगमध्ये कायम होणाऱ्याचं नाव जाहीर व्हायचं होतं. जागा एक आणि माणसं दोन, रेडिओ आणि झेरॉक्स. झेरॉक्स कॉपी मशीनवर बसायचा. दुसऱ्याची चूक सापडली की तिच्याही प्रती काढून वाटेल, असा माणूस. मोठ्या साहेबांनी दोघांना बजावलं होतं, "सभासदाची एक तक्रार आली की नाव कटलं म्हणून समजा."

आणि नेमके रेडिओच्या वाट्याला वकीलसाहेब आले होते.

वकीलसाहेब नदीपलीकडच्या शाखेचे सभासद. एकटे राहायचे. म्हातारपणी डोळे गेले, पण जिभेची धार शाबूत. रोज संध्याकाळी रेडिओनं फोन लावायचा, तासभर वाचायचं, उद्याचं पान कोणतं ते सांगायचं आणि ठेवायचं. फोन उचलल्या उचलल्या वकीलसाहेब सुरू व्हायचे.

"शब्द गिळू नका. तुमच्या वडिलांचे नाहीत ते."

"हो साहेब."

"कपाटं पुसायचं काम मागून घ्या. वाचणं तुम्हाला झेपत नाही."

"हो साहेब."

फोन ठेवला की रेडिओ भिंतीला शिव्या घालायचा. हे असं वर्षभर. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. तो गाळून वाचायला लागला. आधी एखादा परिच्छेद, मग पान, मग पानंच्या पानं. दिसत नाही त्या माणसाला काय कळणार? शिवाय फायदाही होता. पुस्तकं भराभर संपायची आणि साहेब म्हणायचे, "वा, काम चांगलं चाललंय तुझं."

त्या उन्हाळ्यात लावलं होतं ते एका जहाजाचं जाडजूड पुस्तक. जहाज उत्तरेकडं जातं आणि बर्फात अडकतं. रेडिओनं पुढचं प्रकरण चाळून पाहिलं. नुसता बर्फ, उपासमार, आणि एकेक खलाशी मरतोय. एवढं रडगाणं कोण वाचणार! त्यानं अख्खं प्रकरण उलटलं आणि त्याच्या पुढचं सुरू केलं. कप्तान आणि दोन माणसं बंदरावर उतरतायत, बँड वाजतोय.

"थांबा," वकीलसाहेब म्हणाले. "बाकीचे कुठं गेले?"

"आले असतील मागून, साहेब."

"आले असतील म्हणजे? पुस्तकात काय लिहिलंय?"

"एवढंच लिहिलंय."

वकीलसाहेब अगदी हळू म्हणाले, "तुम्ही पानं गाळताय. आजची नाही ही सवय. उद्या तुमच्या साहेबांशी बोलतो मी."

रेडिओ रात्रभर कूस बदलत राहिला. पण दुसऱ्या दिवशी तक्रार आलीच नाही. संध्याकाळी त्यानं भीत भीत फोन लावला. तिकडून उचलला गेला, पण बोललं कोणी नाही. नुसता श्वास. म्हातारा रुसला, बरंच झालं, असं म्हणून रेडिओनं बँडच्या पुढचं वाचलं आणि ठेवून दिला. नंतर रोज हेच. फोन उचलला जायचा, श्वास ऐकू यायचा, बोलणं नाही. टोमणे नाहीत. रेडिओ खूश होता. वाचता वाचता चहासुद्धा प्यायला लागला होता.

तर तो शनिवार. नदीपलीकडच्या शाखेच्या ताई पुस्तकांच्या पेट्या घेऊन आल्या होत्या. परतीच्या पेट्या गाडीत चढत होत्या, तेव्हा त्या रेडिओला म्हणाल्या, "ते जहाजाचं पुस्तक आण रे वरून. आमच्याकडं दुसऱ्यानं मागितलंय."

"ताई, वकीलसाहेबांचं व्हायचंय अजून."

ताईंनी हातातली पेटी खाली ठेवली. "अरे, ते गेले की! पंधरवडा होत आला. सकाळी फोनपाशी पडलेले सापडले. लेकीनं घराला कुलूप घातलं, फोनही काढून दिला. मी निरोप दिला होता ना इकडं?"

"कोणाकडं?"

"तो तुमचा कॉपी काढणारा. त्याच्याकडं."

रेडिओच्या डोक्यात उजेड पडला. झेरॉक्सनं निरोप गिळला होता. सोमवारी भर मीटिंगमध्ये उभा राहून सांगणार होता, की साहेब, हा रोज मेलेल्या माणसाला वाचून दाखवतोय. आणि रोज फोन उचलून श्वास सोडणाराही तोच असणार. खाली कुठल्यातरी टेबलावरचा जोडफोन उचलून हसत असणार. रेडिओची कानशिलं तापली. बघतोच त्याला, पण आधी पुस्तक आणू, म्हणून तो तणतणत वर गेला.

वरचं वाचनालय बंद झालं होतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. दिवसभराचा उकाडा आतच कोंडलेला. फोनची खोली पार टोकाला. काचेचं दार, एक टेबल, एक दिवा, फोन, आणि शेजारी पुस्तक. दिवा लावून त्यानं पुस्तक काखेत मारलं आणि वळला.

फोन वाजला.

मोठे साहेब अधूनमधून असा फोन लावून बघायचे, माणूस जागेवर आहे की पळाला. सोमवार तोंडावर आलेला. रेडिओनं उचलला.

"वाचा."

रेडिओ दातओठ खात म्हणाला, "झेरॉक्स, नाटकं बंद कर. ताईंनी सगळं सांगितलंय मला. थांब तू, आलोच खाली."

नुसता श्वास. त्या श्वासाच्या मागं वारा. मोकळ्या माळावर सुटतो तसा.

खोलीला अंगणाकडं एक खिडकी होती. रेडिओनं खाली पाहिलं. गाडीच्या दिव्यात झेरॉक्स उभा होता. दोन्ही हातांत पेटी. ताईंची बोलणी खात होता.

"बाकीचे कुठं गेले, असं विचारलं होतं मी."

तो आवाज रेडिओनं वर्षभर ऐकला होता.

"साहेब... चुकलो मी..."

"तुम्ही म्हणालात, आले असतील मागून. कोणी आलं नाही. सगळे इथंच आहेत. मीही इथंच आहे."

"कुठं... साहेब?"

"तुम्ही उलटलीत ना, त्या पानांत."

रेडिओनं फोन ठेवायला हात खाली ओढला. रिसीव्हर आला नाही. कानाला चिकटला होता. गार. इतका गार, की चटका बसावा. ओढला तसा कानच तुटतो की काय असं झालं.

"वाचा. सोडलंत तिथून."

त्यानं एका हातानं पुस्तक उघडलं. पान सापडलं. वाचायला लागला.

जहाजाभोवती बर्फ आवळत आला. पहिला खलाशी तापानं मेला... फोनमध्ये श्वासाचा आवाज बदलला. रेडिओ थांबला. नीट ऐकलं.

दोन माणसं श्वास घेत होती.

"वाचा."

स्वयंपाकी मेला. तीन श्वास.

सुतार मेला. मग त्याचा भाऊ. पुस्तकात माणूस मरायचा आणि फोनमध्ये श्वास वाढायचा. कोणी बोलत नव्हतं. कोणी कण्हत नव्हतं. सगळे नुसते ऐकत होते. अगदी जवळून... कानाशी.

खालून ताईंची हाक आली, "अरे रेडिओ! झोपलास का वर? गाडी निघाली!"

त्याला ओरडायचं होतं. तोंडातून पुस्तकातलीच ओळ निघाली.

गाडी सुरू झाली. दिव्यांचा उजेड खिडकीवरून सरकला. गेला.

रेडिओ वाचत राहिला. एक ओळ सोडली नाही. एक शब्द गिळला नाही. प्रकरण संपलं.

"झालं, साहेब..."

वारा.

"सगळं वाचलं, साहेब. सगळं... आता सोडा."

वारा. श्वास. किती, ते कळेनासं झालं होतं.

"आम्ही अजून इथंच आहोत," वकीलसाहेब म्हणाले. "पुन्हा वाचा."

त्यानं पुन्हा वाचलं.

"पुन्हा."

पुन्हा...

"पुन्हा."

सकाळी रखवालदार झाडायला वर आला, तर दिवा चालूच. रेडिओ टेबलाशी बसलेला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रखवालदारानं हाका मारल्या, हलवलं, शेवटी जोर लावून रिसीव्हर ओढून काढला. आपल्या कानाला लावला, तर आत काहीच नाही.

सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी नाव वाचलं. रेडिओचं. रेडिओ कायम झाला, आणि फोनवरचं वाचन कायमचं त्याच्याकडं. टाळ्या झाल्या. डोक्याला फडकं गुंडाळून रेडिओ मागच्या बाकावर बसला होता. तो उठला. ज्या आवाजासाठी त्याला ठेवला होता, तो आवाज आता फाटक्या चामड्यासारखा झाला होता.

"साहेब, मी पानं गाळून वाचत होतो. कितीतरी दिवस. माझं नाव काढा."

"अरे, ही काय वेळ आहे का बोलायची?" साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "तक्रार आलीय का कोणाची?"

"आलीय," रेडिओ म्हणाला आणि खाली बसला.

नाव काढलं. सेवा बंद केली. झेरॉक्स कायम झाला, आणि आज तो कुठल्या शाखेचा प्रमुख आहे ते मला विचारू नका, तुमच्यापैकी एकाला उद्यापासून त्याच्याच हाताखाली जायचंय. सासऱ्यांनी रेडिओचं तोंड बघायचं सोडलं. आता तो बाजारात हमाली करतो. मुलगी शाळेचं पुस्तक घेऊन जवळ आली, की तिला म्हणतो, तूच वाच बाई.

काका थांबले. मग ती मुलगीच म्हणाली, "काका, मनाला लागलं असेल हो त्याच्या. म्हातारा गेला, आपण त्याला फसवत होतो, असं वाटून भास झाला असेल. रात्रभर झोप नाही, उकाडा..."

"मलाही तसंच वाटलं असतं," काका म्हणाले. "पण रविवारी त्याला दवाखान्यात मीच नेलं होतं. डॉक्टरांनी कान दोन्ही बाजूंनी बघितला. वरची कड काळी पडली होती. सुई टोचली तरी कळत नव्हतं त्याला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, भाजल्याचं नाही हे. बर्फात दिवसच्या दिवस अडकून पडलेल्या माणसांचं असं होतं. हा कुठं गेला होता?

"मी काय सांगणार? बाहेर आलो, तर उन्हानं रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं."