दादाच्या लॅपटॉपमधून बाहेर जाणारं काहीतरी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या भावाचं आहे, आणि घडलं तेही भरदुपारी, माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात.

दादा लांबच्या साइटवर कामाला होता. तिथेच अपघातात गेला. सामानाबरोबर त्याचा लॅपटॉप आला.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सगळं पुसा आणि तुम्हीच वापरा. मला बघवत नाही."

मी सगळं पुसलं. नवी फायरवॉल टाकली. फायरवॉल म्हणजे दारावरचा वॉचमन. आतून कोण बाहेर चाललंय, ते लगेच सांगतो.

दुसऱ्याच दुपारी वॉचमनने सांगितलं.

बाहेर चाललं होतं... दादाचं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप.

अहो, ते अ‍ॅप मीच काढून टाकलं होतं!

व्हायरस असणार, म्हटलं. आमच्या धंद्यात भूत म्हणजे व्हायरसच. सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मग ते कुठे जातंय ते पाहिलं.

पत्ता वहिनींच्या घरचा होता. तिथलं नेट मीच बसवलंय, मी नाही ओळखणार?

फोन लावला. "वहिनी, आत्ता घरी नेटवर काय चालू आहे?"

"काही नाही हो. चिमी शाळेतून आलीय, टॅब घेऊन बसलीय." मग त्यांचा आवाज खाली आला. "भाऊजी, ती रोज बंद टॅबशी बोलते. म्हणते, बाबा बोलतात."

दादा साइटवरून याच वेळेला लेकीला व्हिडिओ कॉल करायचा.

मी हेडफोन लावला. जे बाहेर जात होतं ते ऐकू लागलो.

आधी नुसता श्वास...

मग दादा खाकरला. बोलण्याआधी खाकरायची सवयच होती त्याला.

"चिमे, दमलीस का गं?"

मी ढसाढसा रडलो. लाज कसली त्यात?

दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आल्या. मी हेडफोन पुढे केला. त्यांनी तो दूर सारला.

"नको. बंद करा हे. पोरगी कुणाशी खेळत नाही, धड जेवत नाही. नवरा गेला, आता लेक पण घालवू का?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी फायरवॉलमध्ये ते अ‍ॅप अडवलं.

लॅपटॉप गप्प झाला...

चार दिवसांनी वहिनी पुन्हा आल्या. डोळे सुजलेले.

"उघडा ना, भाऊजी. माझ्याशी एक शब्द तरी..."

मी फायरवॉलमध्ये त्या अ‍ॅपला पुन्हा परवानगी दिली. दोघं समोर बसून राहिलो. शाळा सुटायची वेळ झाली... टळून गेली.

वहिनी स्क्रीनकडे वाकल्या. "अहो, मीच थांबवलं तुम्हाला. या ना."

काहीच नाही.

ती परवानगी आजही चालू आहे. रोज दुपारी काम बाजूला ठेवून मी बघतो. बाहेर काही जात नाही.

चिमी आता जेवते, खेळते. टॅबला हात लावत नाही. काल मात्र माझ्या मांडीवर येऊन बसली आणि हळूच विचारलं, "काका, बाबा माझ्यावर रागावलेत का?"

"नाही गं राणी," म्हटलं. आज दुपारी पुन्हा लॅपटॉपसमोर बसलो.